खडूच्या खुणा आणि दोन आरामखुर्च्या

वडिलांकडे कुणी जुनी खुर्ची दुरुस्तीला आणली की ते आधी ती उलटी करायचे. गिऱ्हाईक वरून बोलत असायचं, "पाठ मोडलीय, हात हलतोय," आणि वडील मान खाली घालून खुर्चीच्या पोटाकडे बघत असायचे. खुर्चीची वरची बाजू लोकांना दाखवायची असते. तिथं पॉलिश असतं, त्यामुळे तिथं काही कळत नाही. खाली कोण बघतंय म्हणून मूळच्या सुतारानं रंधा मारायचा कंटाळा केलेला असतो. तिथं करवतीचे ओरखडे दिसतात, स्क्रूंची डोकी दिसतात आणि उघडं लाकूड दिसतं. वडील तिथं पटाशीच्या टोकानं किंचित खरवडायचे, वास घ्यायचे आणि "साग" किंवा "शिसव" किंवा "आंबा, वरून काळा रंग" एवढंच म्हणायचे. आंबा म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. वडिलांना त्याचं काही वाटत नसे.

ही सवय मलाही लागली आणि जरा वाईटच लागली. कॉलेजातल्या एका मित्राच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो होतो. त्याची आई चहा करायला आत गेली. ती परत आली तेव्हा मी त्यांचा टीपॉय उलटा करून त्याच्या चार पायांमध्ये डोकं घालून बसलो होतो.

"काही पडलं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. साग आहे."

त्यांनी चहा जमिनीवरच ठेवला. मला खरंच वाटलं होतं की त्यांना आनंद होईल.

हे सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं. आमची पत्र्याची शेड नाशिकात द्वारकेच्या चौकाच्या जरा अलीकडे होती. रस्त्यावरून ट्रक गेला की ओल्या पॉलिशवर धूळ बसायची, म्हणून पॉलिशचं काम आम्ही भल्या सकाळी उरकायचो आणि मग मी सायकलवरून कॉलेजला जायचो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील चौथीपर्यंत शिकलेले. मी वनस्पतिशास्त्र का घेतलं हे मला कुणी विचारलं तर नीट सांगता येत नसे. फॉर्म भरताना लाकडाशी काही नातं असलेला विषय तोच एक दिसला, एवढंच. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला सागाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि घरी येऊन सांगितलं की लाकडाच्या आत बारीक नळ्या असतात. वडील बराच वेळ हातातल्या फळीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले, "आमचा मुलगा कॉलेजात लाकडाचं रक्त तपासतो."

"असं नसतं हो," मी म्हणायचो.

"मग काय तपासतोस?"

मला पटकन काही सुचायचं नाही. त्यामुळे रक्तच राहिलं.

दिवाळीच्या आधी तीनेक आठवडे आमचे शाळेतले हेडमास्तर शेडमध्ये आले. निवृत्त झाले होते, पण त्यांना पाहिल्यावर मी हातातला पॉलिश पेपर नकळत पाठीमागे लपवला. त्यांच्यामागे हातगाडीवर एक आरामखुर्ची होती. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात असायची तशी, लांबलचक हातांची. हातांखालून आणखी एक एक फळी बाहेर फिरवता यायची, तिच्यावर पाय टाकून पडायचं. उजव्या हाताच्या टोकाला पेला ठेवायला एक गोल भोक होतं. वेताची बैठक फाटून लोंबत होती.

"ही माझ्या वडिलांची खुर्ची," सर म्हणाले. "अस्सल आहे, असं मला लेखी हवंय."

"लेखी?" वडिलांनी विचारलं.

"आक्काला दाखवायचंय. तिला तोंडी चालत नाही."

मग सरांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे वडील सुरगाण्याकडे जंगलखात्यात होते. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं त्यांना ही आरामखुर्ची दिली. ते कामावर गेले की तिच्यात बसण्यावरून सर आणि त्यांची मोठी बहीण रोज भांडायची. शेवटी वडिलांनी कंटाळून तिथल्याच सुताराकडून हुबेहूब दुसरी करून घेतली. पुढं आक्कांचं लग्न झालं तेव्हा एक खुर्ची त्यांच्याबरोबर वणीला गेली आणि एक घरी राहिली. कुठली गेली आणि कुठली राहिली हे त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही. तेव्हापासून चाळीस वर्षं दोघंही म्हणत होती की बाबांची खरी ती माझ्याकडे, तुझ्याकडे आहे ती नक्कल.

वडिलांनी खुर्ची उलटी केली, वास घेतला, आणि म्हणाले, "एकीवरून काय सांगणार? दुसरी पण पाहिजे."

दुसरी तिसऱ्या दिवशी आली. टोमॅटोच्या टेम्पोतून आली, क्रेटवर ताठ बसून. आक्का पुढं ड्रायव्हरशेजारी. साडीचा पदर खोचून त्या उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं:

"कुठाय तो? बाळ, डुप्लिकेट घेऊन माझ्या आधी येऊन बसलास व्हय?"

ज्यांच्या चपलांचा आवाज आला की आख्खा वर्ग गप्प व्हायचा, त्यांना कुणी बाळ म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी कोपऱ्यात जाऊन सांधे चिकटवायचा सरस ढवळू लागलो. तो ढवळायची काही गरज नव्हती.

"आक्का, जरा नीट बोल. लोक आहेत," सर म्हणाले.

"लोकांना पण कळू दे. हे भोक बघा," त्या वडिलांना म्हणाल्या, "यात बाबांचा ताकाचा पेला असायचा."

"चहाचा."

"ताकाचा. तू तवा रांगत व्हतास."

"मी सात वर्षांचा होतो, आक्का!"

"सात वर्षांचा व्हतास, तरी रांगत व्हतास."

वडिलांनी दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या. खरोखरच एकीला झाका आणि दुसरीला काढा. पॉलिशचे थर चढून दोन्ही सारख्याच काळ्या झालेल्या. आक्का मग लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या आणि एकदम हळू आवाजात बोलल्या. "दरवर्षी भाऊबिजेला हा वणीला यायचा. पाटावर बसायचा अन् मी ओवाळत असताना खुर्चीकडं बघायचा. माझ्याकडं बघायचा नाय."

"एकदा तरी बसू दिलंस का त्या खुर्चीत?"

"बाबांची खुर्ची हाय ती. ती बसायला नाय."

"म्हणून तीन वर्षं गेलो नाही," सर आमच्याकडे न बघता म्हणाले.

आक्कांनी पदर पुन्हा खोचला. मग दोघांनी तिथल्या तिथं ठरवलं. ज्याची खुर्ची खरी निघेल त्याच्या घरी यंदाची भाऊबीज. आक्कांची निघाली तर सर वणीला जातील आणि पाटावर बसून मुकाट्यानं ओवाळून घेतील. सरांची निघाली तर आक्का नाशिकला येतील आणि सगळ्या नातेवाइकांसमोर कबूल करतील. निकाल लागलाच नाही, तर भाऊबीज कायमची बंद. हे शेवटचं सर म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण ते उगीच चष्मा पुसू लागले.

"निकाल कोण देणार?" आक्कांनी विचारलं.

वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा. कॉलेजात लाकडाचं रक्त तपासतो."

दुसऱ्या दिवशी वडील एका घराच्या दारांचं काम होतं म्हणून चार दिवस सिन्नरला गेले. जाताना म्हणाले, "दोन्ही खुर्च्या सोडव. जुनं पॉलिश काढ. उघडं लाकूड दिसल्याबिगर कळायचं नाय. अन् खुणा करून ठेव."

जुनी वस्तू सोडवताना वडील प्रत्येक तुकड्याच्या सांध्यात, जिथं कधी दिसणार नाही तिथं, पटाशीनं बारीक खाच पाडायचे. पहिल्या खुर्चीच्या तुकड्यांना एक खाच, दुसरीच्या तुकड्यांना दोन. मला ती पद्धत अडाणीपणाची वाटायची. इतक्या जुन्या लाकडाला इजा कशाला करायची? कॉलेजात आम्ही नमुन्यांना चिठ्ठ्या लावायचो, नमुन्याला धक्का लागू द्यायचो नाही. म्हणून मी खडू घेतला. सरांच्या खुर्चीच्या प्रत्येक तुकड्यावर अ, आक्कांच्या खुर्चीच्या प्रत्येक तुकड्यावर ब. सुबक अक्षरात. गरम पाण्यानं सरस मऊ करून सांधे सोडवले, स्क्रू ज्या त्या तुकड्यातच राहू दिले. वेताच्या बैठका फाटलेल्याच होत्या, त्या टाकून दिल्या. वहीत नोंद केली: अ, बावीस तुकडे, ब, बावीस तुकडे.

मग अर्ध्या कापलेल्या पिंपात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घातला आणि सगळे चव्वेचाळीस तुकडे त्यात बुडवले. सोड्यानं जुनं पॉलिश सुटतं. सुटेपर्यंत मी बाजूला बसून परीक्षेसाठी शेवाळांवरचा धडा वाचला. नंतर एकेक तुकडा काढून घासला, धुतला, सावलीत मांडला. इतकं स्वच्छ लाकूड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याच्यावर काहीच नव्हतं. पॉलिश नव्हतं, डाग नव्हते, ओरखडे नव्हते. मी खूश होऊन बघत उभा राहिलो. काय काय नाही हे मोजता मोजता मला कळलं की अ नाही आणि ब पण नाही.

मी सगळे तुकडे उलटे केले. मग सुलटे केले. मग चव्वेचाळीस तुकड्यांचा वास घेतला, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून घेतला. आई डबा घेऊन आली तेव्हा मी खुर्चीचा एक पाय नाकाला लावून बसलो होतो.

"काय करतोयस?"

"वास घेतोय."

"आधी जेव, मग घे."

मी जेवलो नाही. वडील यायला अजून तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी कॉलेजला गेलो नाही आणि शेडमध्येही फारसा गेलो नाही. या दोन्हींच्या मध्ये सायकल घेऊन फिरत राहिलो.

वडील आले. त्यांनी ढीग पाहिला, त्यातला एक तुकडा उचलून सांध्याकडे पाहिलं.

"खाच?"

"खडूनं खुणा केल्या होत्या."

"खडूनं?"

"लाकडाला इजा होऊ नये म्हणून."

ते पेटीवर बसले. बराच वेळ त्यांनी पिंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खडू धुतल्यावर जातो," ते अगदी सावकाश म्हणाले, "हे कॉलेजात सांगत नाय का?"

मला रडू आलं. वडील मात्र गालातल्या गालात हसू लागले, आणि मग त्यांना ते आवरेना. डोळे पुसत ते उठले आणि कामाला लागले. हातानं केलेल्या खुर्चीचा प्रत्येक सांधा वेगळा असतो. एका खोबणीत तिचंच टोक बसतं, दुसरं घातलं तर एकतर सैल होतं नाहीतर शिरतच नाही. दोन दिवस आम्ही चव्वेचाळीस तुकड्यांच्या जोड्या लावत बसलो. तिसऱ्या दिवशी दोन खुर्च्या उभ्या राहिल्या, एकीचा एकही तुकडा दुसरीत न जाता.

आणि मग मी तपासलं. एकीचे स्क्रू हातानं केलेले होते, डोक्यावरची चीर मधोमध नव्हती. दुसरीचे कारखान्यातले, चीर बरोबर मध्ये. पेल्याचं भोक मी कंपासनं मोजलं. लाकूड वर्षानुवर्षं वाळतं तसं आडव्या बाजूनं आकसतं, उभ्या बाजूनं नाही, त्यामुळे फार जुन्या लाकडातलं गोल भोक गोल राहत नाही. एकीचं भोक गव्हाच्या दाण्याभर लांबट झालं होतं. दुसरीचं अजून बऱ्यापैकी गोल होतं. कुठली साहेबाची आणि कुठली सुरगाण्याच्या सुताराची, यात तिळमात्र शंका राहिली नाही. पुढच्या आयुष्यात मला इतका स्पष्ट निकाल फार कमी वेळा मिळाला.

फक्त त्यातली कुणी कुठली आणली होती, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी लिहून काढलं. दोघांना एकाच दिवशी बोलावलं आणि कागद सरांच्या हातात दिला. वर लिहिलं होतं: "विषय : खुर्च्यांची ओळख पुसली गेल्याबाबत." सरांनी उभ्यानं, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचलं. घडी घातली.

"अर्जाचा नमुना बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तू गाढव आहेस."

"चाळीस वर्षांत बाळ पहिल्यांदा बरोबर बोलला," आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे खरी कुठली ते कळलं?"

"हो. ही."

"अन् ती कुणाची ते नाय कळलं?"

"नाही."

"मग ती माझीच."

"कशावरून?" सरांनी विचारलं.

"खरी हाय म्हणून!"

"अगं, मी पण तेच म्हणतोय! खरी आहे, म्हणजे माझी!"

यापुढं काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं, पण ते दोघं संध्याकाळपर्यंत बोलत होते.

वेत विणायचा बाकी होता, पॉलिश बाकी होतं. त्या कामाला आठ-दहा दिवस लागणार होते. आक्का वणीला परत जायला तयार होईनात. "मी गेले की हा रिक्षात घालून खुर्ची नेईल," त्या म्हणाल्या. खुर्चीवर लक्ष ठेवण्यासाठी त्या नाशिकलाच राहिल्या आणि राहायला दुसरीकडे कुठं जागा नसल्यामुळे सरांकडेच राहिल्या. रोज सकाळी दोघं शेडमध्ये यायचे. वाटेत भांडत यायचे, ते द्वारकेच्या चौकातूनच ऐकू यायचं. आक्का घरून डबा आणायच्या, सर अर्धा डबा खायचे आणि तिखट फार आहे म्हणायचे. दोघं मला वेत कसा ओढायचा ते शिकवायचे, जे दोघांनाही येत नव्हतं. बाबांची खुर्ची फळी फिरवताना कुरकुरायची, असं आक्का म्हणायच्या. ती खुर्ची नव्हे, बाबांचा गुडघा कुरकुरायचा, असं सर म्हणायचे. एकदा मी दुपारी कॉलेजातून आलो तर दोघं आमच्या कामाच्या फळीवर शेजारी शेजारी बसून, बाबा सुरगाण्याहून निघताना कोंबड्यांचं काय झालं होतं ते आठवत होते आणि खुर्च्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मला पाहिल्यावर ते पुन्हा भांडू लागले.

भाऊबीज आली तोवर दोन्ही खुर्च्या विणून, पॉलिश होऊन तयार होत्या. भाऊबीज कुणाच्या घरी, याचा निकाल लागलेला नव्हता, आणि भाऊबीज कायमची बंद हे तर सर बोलून बसले होते. त्या दिवशी वडील काम बंदच ठेवणार होते, सकाळी आम्ही तिघं फक्त दिवा लावायला शेडवर गेलो होतो. पण आक्का ताट घेऊन दारात उभ्या. ताटात निरांजन, सुपारी, करंज्या. मागं सर, नवा सदरा घालून, रस्त्याकडे बघत.

"हे काय घर नाय," आक्का वडिलांना म्हणाल्या. "ना ह्याचं, ना माझं. मग इथं चालंल ना?"

वडिलांनी झाडू घेऊन भुसा लोटला. आईनं रांगोळी काढली, ती भुशातच बसली. सर सवयीनं साहेबाच्या, म्हणजे खऱ्या खुर्चीत बसायला गेले.

"ऊठ," आक्का म्हणाल्या. "ती माझी हाय."

सर निमूटपणे उठले आणि दुसरीत बसले.

"बघा!" आक्कांनी ताट हातात धरूनच आम्हाला साक्षीला घेतलं. "बसला! ती त्याची, असं कबूल केलं!"

सर विंचू चावल्यासारखे उभे राहिले. "मी काही कबूल केलेलं नाही!"

पाट आमच्याकडे नव्हता. स्टूल होतं, पण त्याला नुकतंच पॉलिश दिलेलं. शेवटी सरांना उभ्यानंच ओवाळलं. निरांजनाची ज्योत ट्रकच्या वाऱ्यानं दोनदा विझली, दोनदा लावली. सर या वेळी कुठंही बघत नव्हते, आक्कांकडेच बघत होते. आक्का म्हणाल्या, "डोळे का भरले तुझे?" सर म्हणाले, "स्पिरिटचा वास आहे इथं." तो होताच.

करंज्या खाताना आक्कांनी जाहीर केलं की दोन्ही खुर्च्या वणीला जातील. एका घरात, एका उजेडात ठेवल्या म्हणजे कळेल. "मग मीही येणार," सर म्हणाले. "दोन्ही तुझ्या ताब्यात देऊन मी इथं काय करू?" "ये की. नको कोण म्हणतंय?" आक्का म्हणाल्या.

दुपारच्या एस. टी.त ओवाळायला निघालेल्या बहिणी, ओवाळून परतणारे भाऊ आणि त्यांची सगळ्यांची पोरं भरलेली होती. मी टपावर चढलो. वडील खालून खुर्च्या देत होते. कंडक्टर वैतागून म्हणाला, "वणीला उतरवताना घोळ नको. कुठली कुणाची?"

सरांनी आणि आक्कांनी एकदमच हात वर केला आणि एकाच खुर्चीकडे बोट दाखवलं.

"तिला नीट बांध रे," आक्का खालून ओरडल्या.

"दोन गाठी मार," सर ओरडले.

मी दोन गाठी मारल्या. मग दुसऱ्या खुर्चीलाही तेवढ्याच मारल्या, आणि वरून एक जास्तीची मारली, कारण तिच्यासाठी कुणीच काही सांगितलं नव्हतं.